पद्माच्या साखरेची वही

१

माझी नात ऐश्वर्या हिचं लग्न संविधान दिनाला लागलं, ते साल दोन हजार तेवीस. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडून होते. लग्नानंतर अठराव्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा माझ्या बहिणीच्या घरी निघालो. काखेत वही, हातात साखर तपासायच्या मशीनची पिशवी.

डोंगरकड्यात माझ्या आणि पद्माच्या घरात चार दारांचं अंतर आहे. मी ओट्यावर टेकलो की आतून तिची हाक यायची, "आलास का दादा?" मग ढेपेचा खडा फोडून, तांब्या घेऊन ती बाहेर यायची. भाऊ दारात आला आणि कोरड्या तोंडानं बसला, हे तिला उभ्या जन्मात खपलं नाही. त्या दिवशी हाक आली नाही. पाणी आलं नाही, गूळ आला नाही.

मी तिच्या सुनेला आवाज दिला. "सपना!"

आत गेलो. पद्मा खाटेवर कुशीला निजली होती. लुगडं पाठीला चिकटलेलं, उशी ओली, जणू कुणी अंगावर घागर रिकामी केली होती. कपाळाला हात लावला. गार होतं.

सपना तिच्या पायाशी बसली होती. तिच्या मांडीवर साखरेचा डबा होता आणि झाकण उघडं होतं.

तेवढ्यात पद्माचा मुलगा रत्नपाल केळीला पाणी देऊन आला. पायाला चिखल तसाच. त्यानं आईकडं पाहिलं, मग बायकोच्या मांडीवरच्या डब्याकडं पाहिलं.

"मामा," तो मला म्हणाला, "हिनंच मारलं माझ्या मायला."

२

हे कुठून आलं ते सांगतो.

पद्माला सहा वर्षांपासून साखरेचा आजार होता. दोन वेळच्या गोळ्या. दोन-तीन महिन्यांनी कळमनुरीला रक्त तपासायचं, आकडा एकशे चाळीस-पन्नासच्या घरात यायचा, डॉक्टर म्हणायचे, चालू द्या. पण तिला जीप सोसत नव्हती. कळमनुरीपर्यंत दोनदा ओकायची. म्हणून त्या साली जून महिन्यात माझ्या मुलानं, प्रमोदनं, आत्यासाठी मशीन आणली. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर धरायचा, आकडा दिसतो.

टोचायचं काम माझ्याकडं आलं. लिहायचंही. मी अक्षरं शिकलो तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि ती शिकवली पद्मानंच. चौथी शिकलेली होती ती. माझा आठ उलटा निघायचा, तेव्हा ती पाटी पुसून म्हणायची, "दादा, परत." त्या आकड्यांतच मी तिची साखर लिहीत होतो, याचा मला फार अभिमान होता. तारीख, आकडा, खाली सही.

पहिल्याच आठवड्यात आकडा दोनशे ऐंशीवर गेला. मग तीनशे दहा. मग दोनशे नव्वद. सकाळी, उपाशीपोटी.

रत्नपाल वही घेऊन कळमनुरीला जायचा. पद्मा घरीच. डॉक्टर वही पाहायचे. ऑगस्टमध्ये गोळी वाढली. ऑक्टोबरात दुसरी आली. आकडा हलला नाही. दवा लागूच पडत नव्हती. मशीनच्या पिशवीला मुंग्या लागायला लागल्या, तेव्हा मी गावभर सांगितलं, "माझ्या बहिणीचं रगत इतकं गोड झालंय की मुंग्या माग काढत येऊन राहिल्या."

पद्मा खंगत होती. दुपारी दरदरून घाम यायचा, हात कापायचे, काहीच्या बाही बोलायची. एकदा मलाच म्हणाली, "तुमी कोण? दादा कुठं हाय?" आम्ही समजलो, साखर डोक्यात चढली.

मग ऐश्वर्याचं लग्न आलं. पद्मा तीन दिवस माझ्याच घरी होती. मी तीन दिवस तपासलं. एकशे चार. अठ्ठ्याण्णव. एकशे दहा.

लग्न झालं, ती आपल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे बावीस.

आता तुम्हीच सांगा, आमच्या मनात काय आलं असेल. माझ्या घरी औषध चालतं आणि तिच्या घरी चालत नाही. तिच्या घरी गोळ्या कोण द्यायचं? सपना. जेवण कोण वाढायचं? सपना. त्यात रत्नपालनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं, सपना सासूच्या तोंडाला साखरेच्या पाण्याचा पेला लावताना. त्या दिवशी मी अंगणात, चार माणसांत तिला बोललो होतो. "पुन्हा साखरेला हात लावलास तर याद राख. वही बोलून राहिली, वही."

आठ डिसेंबरला डॉक्टरांनी हट्टानं पद्मालाच बोलावलं. रक्त घेतलं, रात्रीची इन्सुलिनची सुई सुरू केली. आणि सहाव्या दिवशी ती गेली.

राखेचा दिवस झाला. पुण्यानुमोदन झालं. त्याच संध्याकाळी रत्नपालनं सपनाला आणि त्यांच्या लहान्या रुद्रला गोरेगावच्या जीपमध्ये बसवलं. माहेरी.

"परत येऊ नको," तो म्हणाला.

सपनानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

३

आमच्या गावाशेजारच्या तांड्यात हरिचंद राठोड राहतो. चाळीस वर्षं त्यानं सरकारी दवाखान्यांच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त घेतलं. आता निवृत्त आहे, गुडघ्यानं अधू आहे आणि जिभेनं धडधाकट. आम्ही एका शेतात मजुरी केलेली माणसं.

"जयभीम, आलास?" तो म्हणाला. "बस. तोंड असं काहून, लिंबू चोखल्यावानी? बहिणीचं कळलं मला. येणार होतो, पर गुडघा रजा देईना."

"हरिचंद, मला तिच्या गोळ्या तपासून पाहिजेत. सुनेनं बदलल्या का त्या."

"मी काय गोळ्या तपासायचा कारखाना हाय? मी रक्त तपासत होतो."

"मंग वही बघ."

त्यानं चष्मा लावला. पहिल्या पानापासून वाचायला लागला. मधेच म्हणाला, "अक्षर तुझं बरं हाय. आठ मात्र अजून दारू पिऊन उभा हाय."

मला हसू आलं नाही. त्यानंही मग वही मिटली.

"रामजी, तुला काय पाहिजे? खरं, की गुन्हेगार?"

"दोन्ही एकच हायत."

"कधी हायत, कधी न्हाईत," तो म्हणाला. "उद्या गाडी काढायला लाव प्रमोदला. अन् एक सांग. लग्नात तिनं काय खाल्लं?"

"सगळं. बुंदीचा लाडू बी खाल्ला अर्धा. मी ओरडलो तर म्हणे, नातीचं लगीन रोज हाय का?"

"अन् त्या दिवशी किती?"

"अठ्ठ्याण्णव."

हरिचंदनं वहीचं ते पान पुन्हा उघडलं. "लाडू खाऊन अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला, "अन् घरी ज्वारीची भाकर खाऊन तीनशे. म्हंजे सुनेनं गोड चारलं, हे आत्ताच गेलं."

"मंग गोळ्याच बदलल्या!"

"बघू. लग्नाच्या तीन दिवसांत तिला गोळ्या कोण देत होतं?"

"मी."

"तुझ्याकडं कुठून आल्या?"

त्या गोळ्या सपनानंच दिल्या होत्या. घरच्याच पाकिटातल्या, जुन्या ब्लाउजच्या कापडाची पिशवी शिवून, त्यात मोजून.

४

तरी हरिचंद थांबला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकान योगेशचं. ऑगस्टमध्ये त्यानं गोळ्यांची कंपनी बदलली होती, हे मला ठाऊक होतं आणि ते माझ्या मनात होतं.

"काका, स्वस्त कंपनीच्या हायत, नकली न्हाईत," योगेश म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "गावात आणखी अकरा जण याच गोळ्या घेऊन राहिले. माझी माय बी. विचारा तिला."

"तिची साखर?"

"एकशे तीस."

हरिचंदनं काउंटरवर बोट वाजवलं. "चुकून कुणी मेलं तर आधी मेडिकलवाल्याला धरतात, न्हाई का रे? बस, पाणी पी."

तिथून तातेरावकडं. तातेराव झाडपाला देतो, साखरेवर पूड देतो. पद्माला त्यानं दोन पुड्या दिल्या होत्या. तो आम्हाला पाहूनच चिडला.

"माझ्या पुडीनं कुणी मरत न्हाई!"

"जगतं का?" हरिचंदनं विचारलं.

"तुमी सरकारी लोकं टिंगल करा. जांभळाच्या बिया हायत त्या, कुटून ठेवलेल्या. बाईनं खाल्ल्या असत्या तर गुण आला असता."

"खाल्ल्या न्हाईत?"

"तिनंच सांगितलं मला, फळीवर ठेवल्या म्हणून. दादा रागावंल म्हणे."

आम्ही पद्माच्या घरी येऊन फळी पाहिली. दोन्ही पुड्या होत्या. दोरा सोडलेला नव्हता. माझ्या रागाला ती एकसष्टाव्या वर्षीही भीत होती, हे मला त्या पुड्यांवरून कळलं.

त्या फळीखालीच गुळाची ढेप होती, फडक्यात बांधलेली. फडक्यावर मुंग्यांची रांग. हरिचंद काठीवर वाकून ती रांग पाहत उभा राहिला.

"मुंग्या रक्ताला लागल्या होत्या म्हणतोस?"

"मशीनच्या पिशवीला. टोचायच्या पेनाला बी."

"लघवीला लागलेल्या मी पाहिल्यात. पर मोहरीएवढ्या थेंबाला?" त्यानं मान हलवली. "चाळीस वर्षांत एक न्हाई पाहिली."

"मंग कशाला लागल्या?"

"गोरेगावला जाऊ," तो म्हणाला. "सून काय म्हणते ते अजून कुणी ऐकलंच न्हाई."

५

सपनाचं माहेर गोरेगावच्या बाजारामागं. तिचा बाप आम्हाला बघून दारात आडवा उभा राहिला.

"आता काय ठेवलंय इथं? पोरीवर खुनाचा ठपका ठेवला, पोटभर झालं न्हाई?"

"मी ठपका ठेवायला न्हाई, विचारायला आलोय," हरिचंद म्हणाला. "अन् गुडघा दुखून राहिला, दादा. बसू द्या, मंग शिव्या द्या."

सपना आली. भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

"पोरी, तो साखरेचा पेला," हरिचंदनं विचारलं. "काहून दिलास?"

"आत्याबाई दुपारी पडल्या होत्या. सगळं अंग ओलं. बोलंनात. माझ्या आजीला असंच व्हायचं उपासात, मंग ती साखर मागायची. मी चमचाभर पाण्यात घोळली. दोन घोट गेले अन् पाच मिनिटांत उठून बसल्या. म्हणाल्या, सपना, भूक लागली गं."

"पाच मिनिटांत?"

"व्हय. तेवढ्यात हे आले. पेला पाहिला. मंग मामांनी अंगणात..." ती थांबली.

"अन् शेवटच्या दिवशी?"

सपनाच्या हातात पदराचा पीळ होता. तो ती घट्ट करत गेली.

"पहाटे त्या कण्हून राहिल्या होत्या. तसाच घाम. मी डबा घेतला. झाकण उघडलं. दोनदा चमचा भरला. पर मामा म्हणाले होते ना, वही बोलून राहिली. वहीत तीनशे होतं. मी शिकलेली, बारावी झालेली. म्हटलं, तीनशेवर साखर दिली तर मीच मारीन यांना." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "मी डबा धरून बसले, मामा. त्या गप झाल्या. मला वाटलं, झोप लागली."

बाहेर बाजारातला भोंगा वाजत होता. हरिचंद काठीवर हात ठेवून उठला आणि मला म्हणाला, "आठ तारखेला घेतलेलं रक्त. त्याचा कागद कुठं हाय?"

तो कागद आम्ही आणलाच नव्हता.

६

डॉक्टरांनी दोन दिवसांत कागद आणून दाखवायला सांगितलं होतं. रत्नपाल निघालाही होता. मीच त्याला अडवलं. म्हणालो, "रोजचा आकडा माझ्या वहीत हाय. एका कागदासाठी केळीची तोड काहून सोडतोस?"

कळमनुरीच्या लॅबमध्ये कागद पाकिटात पडून होता. हरिचंदनं तिथंच पाकीट फाडलं. वाचला. घडी घातली. पुन्हा उघडला.

"काय हाय?"

"तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी तपासणी हाय ही. रोजच्या चढउताराचा एकत्र निकाल." तो हळू बोलत होता. "हिच्याप्रमाणं तुझ्या बहिणीची साखर तीन महिने सरासरी एकशे आठ होती."

"खोटं हाय ते! रोज तीनशे होती. मी स्वतः लिहिली!"

"तू लिहिलेलं खोटं न्हाई. हे बी खोटं न्हाई."

"मंग दोन्ही खरं कसं?"

त्यानं कागद खिशात घातला. आम्ही गाडीत बसलो. प्रमोद गाडी चालवत होता. कळमनुरी मागं पडलं तेव्हा हरिचंदनं मला विचारलं, "रामजी, दवा चालायची बंद झाली, ती कधीपासून?"

"जूनपासून."

"अन् मशीन कधी आली?"

"जूनमध्येच."

"मशीन बिघडली असंल तर?" प्रमोद पुढून म्हणाला. "पर लग्नात तर बराबर दाखवत होती."

"मशीन चांगली हाय," हरिचंद म्हणाला. मग मला विचारलं, "कोणत्या हाताला टोचायचास?"

"उजव्या. डाव्या हाताची दोन बोटं मळणी यंत्रात गेली होती तिची. उरलेली ताठ. त्यातून थेंब निघायचा न्हाई."

"हात धुतलेले असायचे?"

"पद्माचे हात?" मला राग आला. "पहाटे उठून आंघोळ करणारी बाई ती. तिचे हात कधी घाण न्हवते!"

"घाण म्हटलं न्हाई मी," हरिचंद म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर पाहायला लागला. घर येईपर्यंत गप बसलेला हरिचंद मी आयुष्यात पाहिला नव्हता.

उतरताना म्हणाला, "उद्या सकाळी तुझ्या ओट्यावर येतो. घरात दुसरं कुणी नको."

७

सकाळी तो आला. काठी भिंतीला लावली आणि ओट्यावर बसला.

"तांड्यापासून चालत आलोय. पाणी तरी पाज."

मी आत गेलो. ढेपेचा खडा फोडला, तांब्या भरला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्यानं गूळ तोंडात टाकला, पाणी प्याला. मग म्हणाला, "मशीन आण. हात दे."

"मला काहून टोचतोस? मला साखर न्हाई."

"दे म्हणतो ना."

त्यानं माझ्या उजव्या हाताच्या बोटाला टोचलं. थेंब पट्टीवर धरला. आम्ही दोघं आकड्याची वाट पाहत बसलो.

तीनशे अठरा.

"मला बी झाली?"

"ऊठ. हात धू. साबणानं, चांगला चोळून. अन् कोरडा पूस."

मी धुतला. त्यानं त्याच बोटाला पुन्हा टोचलं.

सत्त्याण्णव.

मी त्या आकड्याकडं पाहत राहिलो. एका रांगेत सगळं उभं राहिलं. ओटा. हाक. ढेपेचा फोडलेला खडा, तिच्या उजव्या हाताच्या चिमटीत. मी तो तोंडात टाकायचो, पाणी प्यायचो आणि मग म्हणायचो, "आण बोट." तोच हात. तेच बोट. रोज. जून, जुलै, ऑगस्ट. स्पिरिटचा बोळा संपल्यावर तर मी कोरड्या कापसानं पुसत होतो. आणि लग्नात ती माझ्या घरी पाहुणी होती. तिथं तिनं मला गूळ दिला नव्हता.

"रक्तात न्हवती, रामजी," हरिचंद म्हणाला. "बोटावर होती."

मी तेच बोट अंगठ्यानं चोळून पाहिलं.

"दवा तिची चालू होती. चांगली लागू पडली होती. आपण चालणाऱ्या दवेवर दवा ओतली. साखर खाली खाली गेली. घाम, कापरं, भलतंच बोलणं, ही साखर वाढल्याची न्हाई, उतरल्याची खूण. ती पोरगी तेवढी बराबर होती." त्यानं डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही. "दवा चालंना असं वाटलं, तर आधी हात धुवायचा. मंग दुसऱ्या मशीनवर ताडून बघायचं. मंग लॅबचा कागद. अन् डॉक्टरला नुसती वही न्हाई, माणूस दाखवायचा. गोळी वाढवणं सगळ्यात शेवटी. हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. अन् तू चार पावलांवर राहून मला कधी विचारलं न्हाईस."

"मला वाटलं, मला येतं."

"व्हय."

चिमण्या मांडवाच्या बांबूंवर बसल्या होत्या. हरिचंद उठला.

"हे तुला एकट्याला सांगितलं. मी तोंड उघडणार न्हाई. रत्नपालला सांग, नशीब होतं. तो मानंल. तुझा भाचा हाय, तुझ्यावर त्याचा जीव हाय."

"अन् सपना?"

हरिचंदनं काठी घेतली. "ते तूच मला सांग," तो म्हणाला आणि गेला.

८

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. खोटं काय सांगितलं तर पचेल, याचा विचार मी केला. इथं लिहायला लाज वाटते, पण केला. तिसऱ्या दिवशी वही घेतली, मशीन घेतली, गुळाचा खडा कागदात बांधला आणि रत्नपालच्या दारात गेलो.

"चल," मी म्हणालो. "गोरेगावला."

"मामा, त्या बाईचं नाव..."

"त्या बाईचं नाव घ्यायचा अधिकार तुला बी न्हाई अन् मला बी न्हाई. चल."

सपनाच्या बापाच्या अंगणात बसलो तेव्हा मी रत्नपालला गूळ फोडायला लावला. त्याच्या बोटाला टोचलं. मशीन त्याच्या हातात दिली. मग हात धुवायला लावला आणि पुन्हा टोचलं. दोन्ही आकडे मी मोठ्यानं वाचले. मग वही पुढं ठेवली आणि जूनपासून सगळं सांगितलं. लॅबचा कागद मी आणू दिला नाही, तेही सांगितलं. सपनाला अंगणात काय बोललो, तेही.

रत्नपाल उठला. मला वाटलं, मारतो. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बाहेर गेला, जीप स्टँडपर्यंत गेला, आणि बऱ्याच वेळानं परत येऊन उंबऱ्यावर डोकं धरून बसला. रुद्र त्याच्या पाठीवर चढला. त्यानं त्याला उतरवलं नाही.

सपना हलली नव्हती. तिनं एकच विचारलं.

"मामा, त्या पहाटे मी साखर दिली असती, तर?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. दोन दिवस मी याच प्रश्नाला भीत होतो. तिला बरं वाटेल असं उत्तर माझ्यापाशी होतं.

"उठून बसली असती," मी म्हणालो. "आधी बसली होती तशीच. तुझा हात बराबर निघाला होता, पोरी. तो मी धरला. तुझ्या हातून काही झालं न्हाई. जे झालं, ते माझ्या हातून झालं."

ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, आईच्या खांद्यावर. अंगणात कुणी तिला थांबवलं नाही. रत्नपाल उंबऱ्यावरून म्हणाला, "सपना, मी चुकलो." जायचं की नाही, हे तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. फाल्गुनात ती आपल्या पायांनी आली. आली तेव्हा आधी तिनं फळीखालची ढेप उचलून बाहेर ठेवली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही निघालो, तेव्हा ती आत गेली. न्हाणीत पाणी सांडल्याचा आवाज आला. मग ती पदराला हात पुसत तांब्या घेऊन बाहेर आली. वाटीत गुळाचा खडा होता. मी तो पाहिला आणि माझा हात पुढं जाईना.

"घ्या, मामा," ती म्हणाली. "आत्याबाईंनी तुमाला कधी तसंच जाऊ दिलं न्हाई."

मी तो घेतला.

घरी येऊन वही उघडली. शेवटचा आकडा तेरा डिसेंबरचा होता, तीनशे चार. त्याच्याखाली जागा होती. तिनं शिकवलेल्या अक्षरांत मी लिहिलं, आणि आठ नीट काढायची वेळ आली नाही:

पद्माबाई केरबा खंदारे, वय एकसष्ट, राहणार डोंगरकडा, माझी धाकटी बहीण, गुरुवार दिनांक १४ डिसेंबर २०२३ रोजी पहाटे साखर उतरून वारली.